मोठ्या आतड्याचा कर्करोग : गाठीची आणि प्रथिनांची साक्ष

मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होऊन गाठ काढली गेली, की रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना बहुधा एकच प्रश्न विचारतात : "आता पुन्हा उलटणार नाही ना?" कोणत्याही एका रुग्णाबाबत या प्रश्नाचे निश्चित उत्तर देता येत नाही. तथापि काढलेल्या गाठीची बारकाईने तपासणी केली, आणि गाठीतील व रक्तातील काही प्रथिनांची नोंद घेतली, तर रोग उलटण्याचा संभव कितपत आहे याचा अंदाज बऱ्याच विश्वासाने बांधता येतो. हा अंदाज केवळ जिज्ञासेपोटी बांधावयाचा नसतो. पुढे औषधोपचार करावयाचा की नाही, करावयाचा तर कोणता, आणि रुग्णाच्या भावंडांची व मुलांची तपासणी करावयाची काय, हे तीन निर्णय त्यावर अवलंबून असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात या रोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली. भारतात पाश्चात्त्य देशांच्या मानाने या रोगाचे प्रमाण कमी आहे. परंतु ज्यांना तो होतो त्यांच्या बाबतीत आपल्याकडील चित्र काही बाबतींत अधिक गंभीर आहे; त्याचा विचार पुढे केला आहे.

ड्यूक्स यांची तीन अक्षरे

रोगाचे भवितव्य गाठीवरून ओळखण्याची शिस्तशीर रीत लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात रुजली. तेथील विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली गुदाशयाच्या कर्करोगाची एक साधी वर्गवारी प्रसिद्ध केली. रोग गुदाशयाच्या भिंतीतच असेल तर 'ए'. भिंत ओलांडून तो बाहेर गेला असेल, पण लसीकाग्रंथी मोकळ्या असतील तर 'बी'. आणि ग्रंथींत रोग आढळला तर 'सी'. गाठ आकाराने केवढी आहे याला या वर्गवारीत स्थान नव्हते. ती किती खोल गेली आणि ग्रंथींपर्यंत पोचली काय, एवढेच पाहावयाचे होते. आज जगभर वापरली जाणारी चार अवस्थांची पद्धती अधिक तपशीलवार असली, तरी तिच्या मुळाशी हाच विचार आहे. अमेरिकेतील कर्करोग नोंदणीनुसार आतड्यापुरता मर्यादित रोग असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के पाच वर्षांनंतरही हयात असतात. यकृत, फुप्फुस अशा दूरच्या इंद्रियांत रोग पसरलेला असल्यास हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास येते.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते हे सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथे सुजते ती लसीकाग्रंथीच होय. आतड्यालगतच्या चरबीतही अशा अनेक ग्रंथी असतात. त्या मसुराच्या दाण्याएवढ्या, काही तर मोहरीएवढ्या असतात आणि चरबीतून बोटांनी चाचपून शोधून काढाव्या लागतात. हे काम वेळखाऊ आहे, आणि त्यात घाई झाली तर अहवाल दिशाभूल करतो. किमान १२ ग्रंथी तपासल्याशिवाय "ग्रंथींत रोग नाही" हा निष्कर्ष पुरेसा विश्वसनीय मानला जात नाही. चारच ग्रंथी सापडल्या आणि चारही निर्दोष निघाल्या, तर कागदावर रुग्ण दुसऱ्या अवस्थेत मोडतो. पाचवी ग्रंथी मात्र कोणी पाहिलेलीच नसते. अहवालातील "तपासलेल्या ग्रंथींची संख्या" हा आकडा म्हणूनच रोगाइतकाच तपासणीच्या दर्जाचाही निदर्शक आहे.

दुसऱ्या अवस्थेतील पेच

पहिल्या अवस्थेत शस्त्रक्रिया पुरेशी होते. तिसऱ्या अवस्थेत, म्हणजे ग्रंथींत रोग असताना, शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी द्यावी याबद्दल फारसा मतभेद नाही. पेच पडतो तो दुसऱ्या अवस्थेत. रोग भिंतीबाहेर गेलेला आहे, ग्रंथी मोकळ्या आहेत. आता औषध द्यावे की देऊ नये?

ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ३,२३९ रुग्णांचा समावेश होता आणि त्यांतील बहुसंख्य दुसऱ्या अवस्थेतील होते. शस्त्रक्रियेनंतर औषध घेणाऱ्यांत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३.६ टक्क्यांनी वाढते, असा तिचा निष्कर्ष होता. म्हणजे शंभर जणांना औषध द्यावे तेव्हा त्यांतील तीन-चार जणांना त्याचा लाभ होतो. उरलेल्यांपैकी बहुतेक जण शस्त्रक्रियेनेच बरे झालेले असतात, तर काही जण औषध घेऊनही वाचत नाहीत. तीन-चार जणांसाठी शंभर जणांनी काही महिने उलट्या, जुलाब, तोंड येणे आणि बुडालेली मजुरी सोसावी काय? हातावर पोट असलेल्या कुटुंबात हा प्रश्न वैद्यकीय राहत नाही, तो घरखर्चाचा होतो. ते तीन-चार जण कोण, हे आधी ओळखता आले तर बाकीच्यांची सुटका होईल. गाठीची लक्षणे आणि प्रथिने यांचा सगळा अभ्यास या एका गरजेतून वाढला आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली गाठीची काही लक्षणे धोक्याची मानली जातात. कर्कपेशी शिरांत अथवा लसीकावाहिन्यांत घुसलेल्या दिसणे, मज्जातंतूंच्या कडेने पसरलेल्या असणे, मूळ ऊतकाशी साम्य न उरण्याइतक्या बिघडलेल्या असणे, ही त्यांपैकी प्रमुख होत. गाठीमुळे आतडे बंद पडले असेल किंवा फुटले असेल तर तेही वाईट लक्षण समजतात. अलीकडे ज्याला महत्त्व आले ते लक्षण म्हणजे गाठीच्या पुढच्या कडेला सुटलेले 'अंकुर'. एकटी कर्कपेशी किंवा फार तर चार पेशींचा पुंजका मुख्य गाठीपासून सुटून पुढे सरकलेला दिसला, तर त्यास अंकुर म्हणतात. २०१६ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे तज्ज्ञांनी ते मोजण्याची एकच रीत ठरविली. ज्या ठिकाणी अंकुर सर्वांत दाट असतील ते ०.७८५ चौरस मिलिमीटरचे क्षेत्र घ्यावयाचे. त्यात दहा किंवा अधिक अंकुर आढळल्यास धोका अधिक समजावयाचा. मोजणी साधी आहे, तिला महागडे यंत्र लागत नाही. लागते ती सवय झालेली नजर.

गुदाशयाच्या बाबतीत आणखी एका गोष्टीने शस्त्रक्रियेचीच रीत बदलली. पूर्वी ही गाठ काढल्यावर ती त्याच जागी पुन्हा उद्भवली, तर तो रोगाच्या दुष्टपणाचा परिणाम समजला जाई. इंग्लंडमधील लीड्स येथील फिलिप क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली संपूर्ण गाठीचे आडवे काप घेऊन कापलेल्या बाजूच्या कडा तपासल्या. अनेक रुग्णांत कर्कपेशी थेट त्या कडेपर्यंत पोचलेल्या होत्या, आणि ज्यांच्या कडा अशा बाधित होत्या त्यांच्यातच रोग प्रामुख्याने उलटला. म्हणजे रोग परत आला नव्हता. तो मागे राहिला होता. त्याच सुमारास बेझिंगस्टोक येथील शल्यचिकित्सक हील्ड हे गुदाशयाभोवतीचे चरबीचे वेष्टण अखंड ठेवून काढण्याचा आग्रह धरीत होते. या दोन कामांचा मेळ बसला आणि गुदाशयात रोग उलटण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. गाठीच्या तपासणीने रुग्णाचे भवितव्य वर्तवावे हे अपेक्षितच होते; येथे तिने शस्त्रक्रियेचीही परीक्षा घेतली.

मुद्रितशोधक प्रथिने

आता प्रथिनांकडे वळू. यांत सर्वांत उपयुक्त ठरलेली चार प्रथिने एका निराळ्याच दिशेने हाती लागली.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील आल्ड्रेड वॉर्थिन यांना १८९५ साली शिवणकाम करणारी एक स्त्री भेटली. आपल्या घराण्यातील पुष्कळ माणसे पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली, आपणही तशीच लवकर जाऊ, असे ती म्हणाली. आणि पुढे तसेच झाले. वॉर्थिन यांनी त्या कुटुंबाची वंशावळ तयार करून १९१३ साली प्रसिद्ध केली. कर्करोग घराण्यात चालतो ही कल्पना त्या काळी फारशी मानली गेली नाही. १९६६ साली हेन्री लिंच यांनी अशा आणखी कुटुंबांची माहिती मांडली, आणि या आनुवंशिक प्रवृत्तीला पुढे त्यांचेच नाव मिळाले. तिचे कारण १९९३-९४ मध्ये सापडले.

पेशीचे विभाजन होताना तिच्यातील डी.एन.ए.ची नक्कल केली जाते. छापखान्यात खिळे जुळविताना चुका राहाव्यात तशा या नकलेतही चुका राहतात. त्या शोधून दुरुस्त करणारी काही प्रथिने पेशीत असतात. त्यांना पेशीचे मुद्रितशोधक म्हणावयास हरकत नाही. एम.एल.एच.-१, पी.एम.एस.-२, एम.एस.एच.-२ आणि एम.एस.एच.-६ ही त्यांपैकी चार प्रमुख प्रथिने दोन-दोनच्या जोडीने काम करतात. जोडी मोडली की चुका साचत जातात आणि त्यांतून कर्करोग उद्भवतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या सर्व रुग्णांपैकी सुमारे १५ टक्क्यांच्या गाठीत असा बिघाड आढळतो. अशा गाठी बहुधा आतड्याच्या उजव्या भागात असतात.

ही परीक्षा करण्याची रीत शिक्षकांना वर्गात सांगता येईल इतकी सोपी आहे. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवितात, त्या मेणवडीचा अतिशय पातळ काप काचेवर घेतात आणि त्यावर विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारा प्रतिपिंड सोडतात. प्रथिन असेल तेथे पेशीचे केंद्रक तपकिरी होते; नसेल तेथे ते निळेच राहते. त्याच कापात भोवतालच्या निरोगी पेशीही असतात. त्या तपकिरी झाल्या आणि कर्कपेशी निळ्या राहिल्या, तर प्रथिन खरोखरच नाहीसे झाले आहे हे सिद्ध होते. निरोगी पेशीही निळ्या राहिल्या तर दोष गाठीत नसून रंगक्रियेत किंवा तुकडा टिकविण्यात आहे असे समजावयाचे. परीक्षेतच परीक्षेची पडताळणी होते.

प्रथिन हरवलेले असणे हे ऐकावयास वाईट वाटते. दुसऱ्या अवस्थेत मात्र ते चांगले लक्षण आहे. अशा गाठीतील असंख्य चुकांमुळे शरीराच्या प्रतिकारशक्तीला ती परकी म्हणून ओळखता येते आणि रोग उलटण्याचा संभव कमी होतो. शिवाय २००३ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखविले, की अशा दुसऱ्या अवस्थेतील रुग्णांना फ्लुओरोयुरॅसिल हे नेहमीचे औषध एकटे दिल्याने लाभ होत नाही. तेव्हा येथे "औषध नको" हे उत्तर पुरेशा आधाराने देता येते.

रोग दूरवर पसरलेला असतानाही हीच परीक्षा उपयोगी पडते. प्रतिकारशक्तीला लागलेला ब्रेक काढणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध अशा ३०७ रुग्णांत केमोथेरपीच्या तुलनेत वापरण्यात आले. रोग वाढू न देता थोपवून धरण्याचा मध्यक काळ केमोथेरपीने ८.२ महिने, तर या औषधाने १६.५ महिने भरला. हा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात याच जातीच्या दुसऱ्या औषधाने गुदाशयातील अशा गाठी शस्त्रक्रियेवाचून दिसेनाशा झाल्याचे २०२२ मध्ये १२ रुग्णांबाबत आणि २०२५ मध्ये ४९ रुग्णांबाबत जाहीर झाले. या औषधांच्या किमती सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, ही गोष्ट दृष्टिआड करून चालणार नाही. परंतु रंगपरीक्षा तशी महाग नाही, आणि तिचा तिसरा लाभ कुटुंबाला मिळतो.

हे प्रथिन हरवलेल्यांपैकी काहींत दोष जन्मजात असतो. (उतारवयात जनुक केवळ 'मिटले' गेल्यामुळेही एम.एल.एच.-१ नाहीसे होऊ शकते. म्हणून प्रत्येक वेळी आनुवंशिकतेचा निष्कर्ष काढू नये, त्यासाठी पुढील तपासणी असते.) दोष जन्मजात असेल तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याचा संभव निम्मा असतो. फिनलंडमध्ये अशा कुटुंबांतील माणसांची १५ वर्षे पाहणी करण्यात आली. ज्यांचे आतडे दर तीन वर्षांनी दुर्बिणीने तपासले जात होते त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहूनही कमी राहिले. आता ही तपासणी एक-दोन वर्षांनी करावी, आणि ती विशी-पंचविशीतच सुरू करावी, असे सांगितले जाते.

रक्तातील साक्षीदार : सी.ई.ए.

कॅनडातील माँट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ साली आतड्याच्या कर्कगाठीत असे एक प्रथिन शोधले, की जे त्याच रुग्णाच्या निरोगी आतड्यात त्यांना आढळले नाही, पण गर्भाच्या आतड्यात आढळले. म्हणून त्याला कर्क-गर्भीय प्रतिजन, इंग्रजी आद्याक्षरांनी सी.ई.ए., असे नाव पडले. १९६९ मध्ये ते रक्तात मोजण्याची रीत निघाली आणि आतड्याचा कर्करोग असलेल्या ३६ पैकी ३५ रुग्णांच्या रक्तात ते सापडले. रक्ताच्या थेंबावरून कर्करोग ओळखण्याची किल्ली गवसली, असा समज होणे स्वाभाविक होते.

तो टिकला नाही. धूम्रपान करणाऱ्यांत, यकृताच्या विकारांत, आतड्याच्या जुनाट सुजेत, फुप्फुसाच्या व स्तनाच्या कर्करोगातही हे प्रथिन वाढते. उलट आतड्याच्या प्रारंभीच्या कर्करोगात ते पुष्कळदा वाढलेलेच नसते. त्यामुळे निरोगी माणसांत कर्करोग शोधण्यासाठी सी.ई.ए. तपासू नये, हे आता सर्वमान्य आहे. ग्रामपंचायतींनी याची विशेष नोंद घ्यावी. गावोगावच्या आरोग्य शिबिरांत 'कॅन्सर मार्कर' या नावाने ही तपासणी काही ठिकाणी खपविली जाते. आकडा वाढलेला निघाला तर निष्कारण भीती, आणि न वाढलेला निघाला तर त्याहून घातक असे खोटे समाधान पदरी पडते. शोधण्यासाठी शौचातील अदृश्य रक्ताची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बीण, हेच मार्ग आहेत.

ज्याचे निदान झालेले आहे त्याच्या बाबतीत मात्र हा साक्षीदार कामाचा आहे. शस्त्रक्रियेपूर्वीचा आकडा मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅमहून अधिक असेल तर धोका काहीसा अधिक समजतात. गाठ पूर्णपणे निघाली असेल तर वाढलेला आकडा साधारण चार ते सहा आठवड्यांत खाली येतो. तो खाली न येणे म्हणजे रोग कोठेतरी शिल्लक असल्याची सूचना होय. पुढे पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी तो मोजतात. तुलना करावयाची ती रुग्णाच्या आधीच्या आकड्यांशी. यासाठी शस्त्रक्रियेपूर्वीचे मोजमाप हवेच, आणि शक्य तोवर तपासणी एकाच प्रयोगशाळेत व्हावी. या पाळतीचे फळ किती? ब्रिटनमध्ये १,२०२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोग उलटल्यावर बरे करण्याच्या हेतूने पुन्हा शस्त्रक्रिया करता आली अशांचे प्रमाण किमान देखरेखीत २.३ टक्के होते, सी.ई.ए.ची पाळत ठेवलेल्या गटात ते ६.७ टक्के झाले. मृत्यूच्या प्रमाणात मात्र स्पष्ट फरक सिद्ध झाला नाही. लाभ आहे, तो मर्यादित आहे.

इतर प्रथिनांविषयी थोडक्यात सांगता येईल. पॅरिसचे जेरोम गॅलाँ यांनी गाठीत शिरलेल्या संरक्षक पांढऱ्या पेशी त्यांच्या अंगावरील सी.डी.-३ व सी.डी.-८ या प्रथिनांवरून मोजल्या आणि २००६ साली दाखविले, की त्यांची गर्दी जितकी अधिक तितका रोग उलटण्याचा संभव कमी. २०१८ मध्ये १३ देशांतील २,६८१ रुग्णांत याला दुजोरा मिळाला. याखेरीज शेकडो प्रथिनांची नावे नियतकालिकांत आशादायक म्हणून येतात आणि मागे पडतात. थोड्या रुग्णांवरचा अभ्यास, प्रत्येकाची निराळी मापे आणि अनुकूल निष्कर्षच छापण्याची प्रवृत्ती, ही त्याची कारणे होत. प्रथिन नसले तरी रक्तात तरंगणारे गाठीचे डी.एन.ए. हा नवा दर्शक मात्र ठोस दिसतो. ऑस्ट्रेलियातील दुसऱ्या अवस्थेच्या ४५५ रुग्णांत त्याच्या आधारे निर्णय घेतल्यावर केमोथेरपी घेणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले आणि रोग उलटण्याचे प्रमाण वाढले नाही, असे २०२२ साली प्रसिद्ध झाले.

आपल्याकडील परिस्थिती

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ८०० रुग्णांचा जो आढावा २०१७ साली प्रसिद्ध केला त्यात सरासरी वय सुमारे ४७ होते. पाश्चात्त्य देशांत हा रोग मुख्यतः साठीच्या पुढचा समजला जातो. अंगठीच्या आकाराच्या पेशी असलेला, अधिक आक्रमक असा प्रकार त्यात सुमारे १३ टक्के होता. पाश्चात्त्य देशांत तो एक टक्क्याच्या आसपास असतो. रुग्ण तरुण असला, की शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याधीचे समजून महिनोन्‌महिने काढले जातात. चाळिशीच्या आतल्या माणसाला रक्त पडत असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा अंगात रक्त कमी झाले असेल, तर बोटाने गुदपरीक्षा तरी झालीच पाहिजे. तिला काहीच खर्च नाही, आणि गुदाशयातील पुष्कळशा गाठी बोटाला लागतात.

तालुक्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया झाली की काढलेला भाग बरणीत घालून नातेवाइकांच्या हाती दिला जातो आणि तो एस.टी.ने शहरातील प्रयोगशाळेत पोचतो, हे दृश्य नवीन नाही. बरणीत काय आहे यावर पुढचे सारे अवलंबून असते. तुकडा विलंब न लावता १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये बुडाला पाहिजे, द्रव तुकड्याच्या अनेक पटींनी अधिक असला पाहिजे आणि बरणीचे तोंड रुंद पाहिजे. नुसत्या सलाईनमध्ये ठेवलेला किंवा अरुंद बाटलीत कोंबलेला तुकडा आतून कुजतो. मग प्रथिनांचा रंग नीट चढत नाही, ग्रंथी सापडत नाहीत, आणि चार केंद्रके निळी का राहिली हे सांगणे कठीण होते.

अहवालाची प्रत घरात जपून ठेवावी, आणि मेणवडी कोणत्या प्रयोगशाळेत व कोणत्या क्रमांकाने ठेवली आहे हे त्यावर लिहून घ्यावे. मेणवडी वर्षानुवर्षे टिकते. शस्त्रक्रियेच्या वेळी चार प्रथिनांची परीक्षा झाली नसली तरी ती नंतर त्याच वडीवर करता येते. रुग्ण हयात नसला तरीही, त्याच्या मुलांना दुर्बिणीची तपासणी विशीतच सुरू करावी लागेल काय, हे त्या वडीवरून पुष्कळदा समजू शकते.